निराधार अनुदानावर जगताना भाड्याची बरी खोली कशी मिळवावी

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली आहे. एवढ्या पैशात मुंबई-पुण्यात एकट्याने खोली घेता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण दोन अनुदानं एका छपराखाली आली, जागा थोडी लांबची निवडली आणि व्यवहार नीट कागदावर केला, तर मोरी, उजेड आणि पाणी असलेली, दर सहा महिन्यांनी सोडावी न लागणारी खोली मिळू शकते.

खोली शोधताना सगळ्यांची नजर भाड्याच्या आकड्यावर असते. अनुदानावरच्या माणसाचं बिऱ्हाड उठतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन कारणांनी. एक, पैसे ठरल्या तारखेला येत नाहीत. दुसरं, राहत्या जागेचा कागद नसतो, म्हणून पत्त्याचा पुरावा नसतो आणि मग पडताळणीत नावच वगळलं जातं. तारीख आणि कागद, या दोन गोष्टी सांभाळायच्या म्हणजे काय काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

आधी पासबुक उघडा

मागच्या बारा महिन्यांचं पासबुक भरून घ्या. प्रत्येक हप्त्यापुढे तो कोणत्या महिन्याचा होता आणि कोणत्या तारखेला जमा झाला, ते लिहा. बहुतेकांना दिसेल की पैसे दर महिन्याला येत नाहीत. कधी दोन महिने कोरडे जातात आणि मग एकदम ३,००० किंवा ४,५०० पडतात. मोठी रक्कम पडली त्या महिन्यात हात मोकळा वाटतो, आणि घोटाळा तिथेच होतो. भाडं ठरवताना महिन्याची सरासरी धराच, पण सगळ्यात लांबलेला खंड किती होता तेही लिहून ठेवा. तेवढ्या महिन्यांचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय नवीन खोलीत पाऊल टाकू नका.

हप्ता सारखा लांबत असेल, तर आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते विचारा. अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार जोडलं असेल, तर पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात आणि माणूस जुन्या पासबुकाकडे बघत बसतो.

आता बेरीज. निवृत्त कामगाराची ईपीएस-९५ पेन्शन (भविष्य निर्वाह निधीकडून मिळणारी) किमान १,००० रुपये आहे, आणि ती विधवेलाही लागू आहे. नणंद-भावजय दोघींना श्रावणबाळचे १,५०० आणि त्यातल्या एकीला नवऱ्यामागे १,००० येत असतील, तर घरात ४,००० येतात. धान्य रेशनवर जानेवारी २०२३ पासून मोफत आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. धान्याचा खर्च वाचतो म्हणून भाडं, वीज आणि पाणी मिळून उत्पन्नाच्या साठ टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे मात्र जाऊ नका, कारण पुढचा पैसा औषधांचा आहे. चार हजारांवर म्हणजे सगळं धरून २,४०० रुपये. तालुक्याच्या गावात एवढ्यात साधी खोली मिळू शकते, महानगरात फार क्वचित.

पासष्टीच्या आतल्या बाईने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संजय गांधी योजनेचे १,५०० मिळत असताना त्यावर लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत, म्हणून हिशेबात दोन्ही धरू नका.

काही जणींचा आणि काही म्हाताऱ्या आईवडिलांचा कायद्याने मिळणारा पैसा मागितलाच गेलेला नसतो. नवऱ्याच्या छळामुळे घर सोडावं लागलं असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली न्यायालय नवऱ्याला पर्यायी घर द्यायला किंवा त्याचं भाडं भरायला सांगू शकतं. सांभाळत नसलेल्या मुलांकडून ज्येष्ठ नागरिकांना २००७ च्या निर्वाह कायद्याखाली महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. मात्र अनुदानासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. पोटगी मिळाली तर ती उत्पन्नात कशी धरली जाईल, हे तहसीलच्या संजय गांधी शाखेत आधी विचारून घ्या. पोटगी मोठी असेल तर अनुदान गेलं तरी ती परवडते. पाचशे रुपयांच्या पोटगीपायी दीड हजारांवर पाणी सोडण्यात मात्र अर्थ नाही.

कुठे शोधायची

एजंटाकडे सगळ्यात शेवटी जा. त्याची दलाली सहसा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते, आणि दोन-अडीच हजारांच्या खोलीसाठी तो फारसा हिंडतही नाही. अशा खोल्यांची खबर किराणा दुकानदार, रेशन दुकानदार, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या बायका यांच्याकडे असते. कोण गावी निघालंय, कुणाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, कोणती घरमालकीण एकटी आहे आणि तिला सोबत हवी आहे, हे त्यांना आठवडाभर आधी कळतं. बचत गटाच्या बैठकीला जाऊन तुमचं बजेट, किती माणसं आणि कधीपासून, एवढं स्पष्ट सांगा. नुसतं 'खोली असेल तर सांगा' म्हटलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही.

जागा लांबची घ्यायची का, हा प्रश्न प्रवासाच्या सवलतीला जोडून सोडवा. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धं. त्यामुळे पुण्यात काम किंवा दवाखाना असलेल्या माणसाला सासवड, शिरूर, राजगुरुनगर ही गावं विचारात घेता येतात. मुंबईच्या बाजूला टिटवाळा, आसनगाव, वांगणी, नालासोपारा, विरार. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती झाली, त्यामागेही हेच गणित आहे: भाडं कमी, आणि लोकल दाराशी. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिस असेल किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात वारंवार जावं लागत असेल, तर हे गणित उलटतं. तब्येत बिघडलेल्या दिवशी रिक्षाला किती लागतील, तेही भाड्यात धरा.

शोधण्याचा काळ साधारण माघापासून वैशाखापर्यंतचा. जूनमध्ये शाळा उघडतात, बिऱ्हाडं हलतात, भाडी चढतात आणि मालक निवडून माणसं घेतात. उन्हाळ्यात मात्र गळकं छप्पर दिसत नाही. ते कसं ओळखायचं ते खाली येतंच.

खोली खरंच कुणाची आहे

खोली आवडण्याआधी हे बघा. देणारा मालक आहे, भाडेकरू आहे, की नुसता चावी बाळगणारा? इमारतीतल्या फ्लॅटसाठी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीची मेंटेनन्सची पावती आणि वीजबिल मागा. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती. झोपडपट्टीत फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) आणि वीजबिल. जे कागद दाखवले जातील त्या सगळ्यांवर एकच नाव असावं. बापाच्या नावावर बिल आणि भाडं मागणारा मुलगा असेल, तर बाप हयात आहे का, बाकी भावंडं काय म्हणतात, हे शेजारी विचारा. भावांच्या भांडणात पहिल्यांदा भाडेकरूचं सामान बाहेर येतं.

एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीतली खोली स्वस्त आणि पक्क्या भिंतींची असते, म्हणून मोह होतो. पुनर्वसनाची सदनिका मूळ रहिवाशाला ठरावीक वर्षांपर्यंत परस्पर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. तपासणी झाली की आत राहणाऱ्याला बाहेर काढलं जातं, आणि डिपॉझिट बुडालं तर दाद मागणं अवघड होऊन बसतं. सरकारी घरकुलातल्या फ्लॅटबाबतही हीच सावधगिरी बाळगा. अशा ठिकाणी मालक 'कुणी विचारलं तर पाहुणे आहोत म्हणा' असं सांगतो. हे वाक्य ऐकलं की निघा.

जुन्या इमारतीत जिन्याजवळ महापालिकेची नोटीस लावली आहे का ते पाहा. सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. मुंबईत पालिका आणि म्हाडा पावसाळ्याच्या तोंडावर अशा इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-१ इमारतीत भाडं निम्मं असण्याचं कारण उघड आहे.

पाहायला जाताना

एकदा दुपारी दोनच्या सुमाराला आणि एकदा रात्री आठनंतर जा. दुपारी पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटं दार लावून बसा. पत्रा डोक्यापासून हातभरच वर असेल आणि समोरासमोर दोन झरोके नसतील, तर एप्रिल-मेमध्ये रक्तदाबाच्या माणसाला तिथे राहणं धोक्याचं आहे. आतून थर्माकोल किंवा प्लायचं छत ठोकलेलं असलं तर बराच फरक पडतो. रात्री गल्लीतला दिवा, दारूचा अड्डा आणि संडासापर्यंतची वाट बघा.

गळती ओळखण्यासाठी भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तो कोपरा पाहा. तिथे तपकिरी कड असलेला डाग, फुगलेला चुना किंवा नव्यानेच मारलेल्या रंगाचा एकच पट्टा दिसला, तर पाणी येतं. जमिनीपासून वर सरळ आडवी रेघ दिसली, तर पावसात खोलीत पाणी साचतं. मालकाला विचारू नका, समोरच्या घरातल्या आजींना विचारा: 'पावसात पाणी कुठवर येतं हो?' तेच त्या हाताने दाखवतात.

नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, आणि एका नळावर किती बिऱ्हाडं आहेत? पहाटे चारला पाणी येत असेल आणि भरणारं माणूस सत्तरीचं असेल, तर ती खोली कागदावरच स्वस्त. सामायिक संडास असेल तर किती घरांत एक आहे, बसायला कमोड आहे का, आतून कडी लागते का, हे स्वतः उघडून बघा. माळ्यावरच्या खोल्या खालच्यापेक्षा स्वस्त पडतात, पण बाहेरून लोखंडी उभी शिडी असली तर म्हाताऱ्या माणसाने ती घेऊ नये. पावसात ती निसरडी होते, आणि मोडलेल्या खुब्याचा खर्च कुठल्याच अनुदानात बसत नाही.

विजेबद्दल नीट बोला. एका मीटरवर चार-पाच खोल्या असतील आणि मालक सबमीटरने पैसे घेत असेल, तर युनिटचा दर किती ते विचारा आणि महावितरणचं मूळ बिल पाहायला मागा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो, पुढे तो टप्प्याटप्प्याने चढतो. पाच बिऱ्हाडांचा वापर एकाच मीटरवर आला की सगळ्यांची युनिटं वरच्या टप्प्यात जातात. एक पंखा आणि दोन एलईडी दिवे वापरणारी बाईसुद्धा मग शेजारच्या फ्रिजचा दर भरत बसते. स्वतंत्र मीटरची खोली शंभर-दोनशे रुपयांनी महाग असली तरी तीच घ्या.

मालकाशी बोलणं

पगाराची स्लिप नाही म्हटल्यावर मालकाचा चेहरा पडतो. त्याला भीती असते तीन गोष्टींची: भाडं थकेल, माणूस आजारी पडला तर आपल्या गळ्यात येईल, आणि खोली सोडणार नाही. प्रत्येक भीतीला एक कागद आहे. अनुदानाचा मंजुरी आदेश आणि बारा महिन्यांचं पासबुक पहिलीसाठी. दुसरीसाठी जवळच्या दोन नातेवाइकांचे किंवा परिचितांचे नाव-पत्ता-फोन, एका कागदावर, त्यांच्या सहीसह. तिसरीवर उपाय आहे नोंदणीकृत करार, त्याबद्दल पुढे. आधीच्या मालकाने 'भाडं वेळेवर दिलं, त्रास नव्हता' अशी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर ती या सगळ्यांहून भारी ठरते. म्हणून जुनी खोली सोडतानाच ती मागून ठेवा.

पासबुक दाखवताना हप्ते उशिरा येतात ही गोष्ट लपवू नका. तिथूनच तारखेचं बोलणं सुरू करा: 'काका, अनुदान महिन्याच्या मध्यावर येतं, कधी लांबतं. भाडं १५ तारखेला ठेवू या. आणि एक महिन्याचं भाडं मी जास्तीचं आधीच जमा ठेवते. हप्ता चुकला तर त्यातून वळतं करा, आला की पुन्हा भरीन.' हे करारात लिहून घ्यायचं. १ तारखेला भाडं कबूल करून दर महिन्याला माफी मागत राहिलं, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नातं बिघडतंच.

एकट्या बाईला, आडनावावरून, आहारावरून नको ते प्रश्न विचारले जातात. हे अन्यायाचं आहे. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. 'माणसं किती, भाडं किती, कोणत्या तारखेला' एवढ्यावर बोलणं आणा, आणि तरी प्रश्न थांबले नाहीत तर दुसरी खोली बघा. प्रवेशाआधीच जो असं खोदून विचारतो, तो नंतर तुमच्याकडे कोण आलं-गेलं तेही मोजत राहतो.

भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा डिपॉझिटवर करा. दोनशे रुपये कमी करायला मालक सहज तयार होत नाही, पण तीन महिन्यांच्या डिपॉझिटऐवजी दोन महिन्यांचं, किंवा अर्धं आता आणि अर्धं चार हप्त्यांत, याला बरेच जण तयार होतात. हप्ते ठरले तर तारखांसह लिहा आणि प्रत्येक हप्त्याला पावती घ्या.

करार: इथे घाई करू नका

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने सक्तीचं आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज इथे चुकीचा आहे. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

मालकाला हे धमकीसारखं ऐकवू नका. त्याचा फायदा सांगा. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) असेल तर मुदत संपल्यावर खोली न सोडणाऱ्याला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं आणि त्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. 'भाडेकरू हक्क सांगेल' या भीतीने कागद टाळणारा मालक खरं तर स्वतःचंच संरक्षण टाळत असतो. हे पटलं की बरेच जण तयार होतात.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या बेरजेवर. भाडं ३,०००, डिपॉझिट १०,००० आणि मुदत अकरा महिने धरली, तर ३३,००० अधिक सुमारे ९१७, म्हणजे ३३,९१७. त्याचं शुल्क शंभर रुपयांच्या घरात. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी वेगळी.

म्हणजे जड आहे ती नोंदणी फी आणि मजुरी, आणि ती दर कराराला नव्याने लागते. म्हणून अकरा महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा करार मागा. वरच्याच उदाहरणात तीन वर्षांचं मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास येतं, पण नोंदणी फी तीनदा भरण्याऐवजी एकदाच. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दरवर्षी किती वाढ ते वर्षवार आकड्यात लिहा: पहिलं वर्ष ३,०००, दुसरं ३,१५०, तिसरं ३,३००. सोबत एक महिन्याची नोटीस देऊन तुम्हाला सोडता येईल ही अटही असू द्या. तीन वर्षांचा करार म्हणजे तीन वर्षं पत्ता पक्का, आणि अनुदानावरच्या माणसाला तोच सगळ्यात मोठा आधार आहे.

करारात आणखी काय हवं? लाभार्थ्याचं स्वतःचं नाव. मुलाच्या किंवा भाच्याच्या नावाने करार केला तर तो त्याच्या पत्त्याचा पुरावा होतो, आजींच्या नाही. दोघी मिळून राहणार असाल तर दोघींची नावं. विजेचा दर किंवा 'महावितरणच्या बिलाप्रमाणे' असे शब्द. पाणी आणि संडासाचा वापर भाड्यात धरला आहे हे. वीज-पाणी तोडणार नाही हे. आणि डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, हेही.

नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याने होते. कष्टाने झिजलेली बोटं मशीनवर उमटत नाहीत, ही नेहमीची अडचण. आदल्या रात्री बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून ठेवा, सकाळी साबणाने धुऊन कोरडी करा, आणि अंगठा नाही जुळला तर मधलं बोट, अनामिका अशी सगळी बोटं लावून बघा. तरी जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन नोंदणी करता येते. त्यासाठी 'होत नाही' म्हणून करार सोडून देऊ नका.

झोपडपट्टीत किंवा विनापरवाना चाळीत मालक नोंदणीला तयार होतच नाही, असंही होतं. निरुपायाने तशी खोली घ्यावी लागली तर निदान एवढं करा: दोन साक्षीदारांच्या सह्यांचा लेखी करार, मालकाच्या वीजबिलाची प्रत, आणि भाडं शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने, 'जून भाडं' असा शेरा टाकून. रोख दिलं तर पावती; ती देणं मालकावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ ने बंधनकारक आहे. पोलीस पडताळणीचा फॉर्मही भरायला लावा. तो भरण्याचं काम मालकाचं असतं, पण त्या तारखेला तुम्ही तिथे राहत होता याची एक सरकारी नोंद तुम्हालाही मिळते.

हेवी डिपॉझिट

'दोन-तीन लाख भरा, भाडं शून्य, वर्षाने पूर्ण रक्कम परत.' नवऱ्याच्या फंडाचे पैसे हातात आलेल्या बाईला हे देवाने पाठवल्यासारखं वाटतं. यात फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. एकच खोली तिघांना दाखवून तिघांकडून रक्कम घेतली जाते. देणारा स्वतःच भाडेकरू निघतो. किंवा मालकाने गृहकर्जाचे हप्ते थकवलेले असतात आणि बँक येऊन सील लावते. पैसे परत करायच्या दिवशी 'पुढचा भाडेकरू आला की देतो' हे उत्तर तर जवळपास ठरलेलंच.

आमचं मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे एवढीच पुंजी आहे त्याने हेवी डिपॉझिट करू नये. तीच रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक किंवा मासिक उत्पन्न योजनेत ठेवून व्याजातून भाड्याला हातभार लावावा. तरीही कुणी करणारच असेल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे जुने दस्त आणि कर्जाची नोंद बघा, मालकाला सोसायटीच्या कार्यालयात समोर भेटा, पूर्ण रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या, आणि करारात ती पूर्ण लिहून नोंदणी करा. 'करारात पन्नास हजारच दाखवू, बाकी वरून' याला कधीही हो म्हणू नका.

राहायला गेल्यावर पहिला महिना

सामान आत जाण्याआधी मोबाइलवर भिंती, फरशी, मोरी, दार-कडी, मीटरचं रीडिंग यांचं चित्रीकरण करा आणि ते मालकाला त्याच दिवशी पाठवा. खोली सोडताना रंगाचे, फुटक्या फरशीचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. तेव्हा हेच कामी येतं.

नोंदणीकृत कराराच्या चार झेरॉक्स काढा. आधारचा पत्ता बदला, बँकेत द्या, आणि संजय गांधी शाखेत पत्ता बदलाचा अर्ज देऊन पोच घ्या. तालुका बदलला असेल तर प्रकरण नवीन तालुक्यात वर्ग कसं होईल, हे जुन्या तहसीलमध्ये खोली सोडण्याआधीच विचारा. तलाठी पडताळणीला जुन्या पत्त्यावर गेला आणि माणूस तिथे नसला, की नाव धोक्यात येतं. हयातीचा दाखला वर्षाचे वर्ष द्यायचा आहेच; उत्पन्नाचा दाखला पुन्हा कधी द्यायचा, ते शाखेत विचारून घ्या. ईपीएस पेन्शनचं जीवन प्रमाणपत्र वर्षात कधीही देता येतं आणि तिथून बारा महिने चालतं.

रेशनसाठी कार्डावरचा पत्ता बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड योजनेत जवळच्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदार 'तुमचं कार्ड इथलं नाही' म्हणाला तर योजनेचं नाव घ्या आणि तालुका पुरवठा कार्यालयात तक्रार करा. गॅसजोडणी बदलून येईपर्यंत पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो.

बिनसलं तर

भाडं थकणार हे दिसलं की मालकाला तारखेच्या आधी सांगा, नंतर नव्हे, आणि फोनवर बोललात तरी एक संदेश लिहून ठेवा. मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर योग्य कारणाशिवाय भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र त्या भागातल्या लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहत असाल तर या कलमाबरोबर तुमच्या करारातली अटही दाखवा. सामान बाहेर फेकलं, कुलूप बदललं तर ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन प्रत घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि महिलांसाठी १८१ या मदतवाहिन्या आहेत.

खोली सोडताना नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी तारीख दिसेल अशी. डिपॉझिट परत करण्यात मालक टाळाटाळ करतो असा आधीच्या भाडेकरूंचा अनुभव असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करण्याची बोलणी नोटीस देतानाच करा आणि त्याच्या होकाराचा संदेश घ्या. चावी द्यायची ती मीटरचं शेवटचं रीडिंग दोघांनी मिळून टिपल्यावर, हिशेबाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्यावर आणि उरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावर.